महाविद्यालयीन अध्यापकाचा व्यावसायिक विकास आणि त्याची कार्यनिष्पत्ती : मोलगी परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

अध्यापकाला त्याच्या व्यवसायात वाढण्यासाठी आधार मिळाला म्हणजे त्याचे काम सुधारते, हे विधान इतके निर्विवाद वाटते की त्याची परीक्षा करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. शिक्षणशास्त्रातील प्रबंधांत ते गृहीतक म्हणून येते, प्रश्नावल्यांच्या आधारे सिद्ध होते आणि अखेरच्या प्रकरणात शिफारस म्हणून पुन्हा अवतरते. ज्या विधानाचे आरंभीचे आणि शेवटचे रूप एकच असते, त्याच्या मधल्या प्रवासाविषयी शंका घेणे हे टीकेचे कर्तव्य होय.

शंका विधानाच्या सत्यतेविषयी नाही. त्यातील दोन पदांच्या अर्थाविषयी आहे. ‘आधार’ म्हणजे काय आणि ‘कार्यनिष्पत्ती’ म्हणजे काय, या दोहोंची उत्तरे मोठ्या नगरांतील विद्यापीठीय विभागांत बसून ठरविली गेली आहेत. ती उत्तरे नंदुरबार जिल्ह्यातील मोलगीसारख्या ठिकाणी नेऊन पाहिली असता कितपत टिकतात, हे तपासल्यावाचून त्यांना सामान्य नियमाची प्रतिष्ठा देता येणार नाही. नियमाची खरी कसोटी त्याच्या सोयीच्या प्रांतात होत नसते. ती त्याच्या सीमेवर होत असते.

२. आधाराची परंपरा

महाविद्यालयीन अध्यापकास अध्यापनाचे शिक्षण असावे काय, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. प्राथमिक व माध्यमिक शिक्षकाला प्रशिक्षणाची अट असताना महाविद्यालयात शिकविणारास मात्र केवळ विषयातील पदवी पुरेशी मानली गेली. राधाकृष्णन आयोगाने (१९४८–४९) सेवेतील अध्यापकांसाठी उजळणी वर्गांची आवश्यकता सांगितली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) त्याहून पुढे जाऊन नव्याने नेमलेल्या अध्यापकास संस्थेशी परिचय होण्यास काही अवधी द्यावा, त्याने चांगल्या अध्यापकांची व्याख्याने ऐकावीत, सत्रारंभी काही आठवड्यांचे उद्बोधन वर्ग भरवावेत आणि मोठ्या विद्यापीठांत या कार्यासाठी कायमची संस्था असावी असे सुचविले. या सूचनांतील ‘चांगल्या अध्यापकांची व्याख्याने ऐकावीत’ ही सूचना सर्वांत स्वस्त होती आणि तीच सर्वांत कमी अमलात आली, याची नोंद घेणे इष्ट होईल.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर परिस्थिती पालटली. १९८७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साहाय्याने अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे स्थापन होऊ लागली. चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग अशी त्यांची रूढ घडी बसली. २०१५ साली या संस्थांना मानव संसाधन विकास केंद्र असे नाव मिळाले. २०२३ साली मालवीय मिशन अध्यापक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि देशभरातील १११ केंद्रांकडे हे काम सोपविण्यात आले. या कार्यक्रमाच्या आठ विषयसूत्रांत विद्यार्थ्यांची विविधता व समावेशक शिक्षण हेही एक सूत्र आहे. दरम्यान २०१७ पासून ‘स्वयम्’ या व्यासपीठामुळे काही शिक्षण घरबसल्या घेणेही शक्य झाले.

संस्थांची ही परंपरा क्षुल्लक नव्हे. तथापि एक गोष्ट तिच्या जन्मापासूनच तिला चिकटली : १९८६ नंतरच्या वेतनश्रेण्यांत स्थाननिश्चितीसाठी हे वर्ग पूर्ण करणे आवश्यक झाले. परिणामी आधार आणि अट यांची सरमिसळ झाली. जो वर्ग अध्यापकाच्या गरजेतून निघावयाचा, तो त्याच्या सेवापुस्तिकेच्या गरजेतून निघू लागला. वर्गात काय मिळाले यापेक्षा प्रमाणपत्र कोणत्या तारखेचे आहे, ही बाब अधिक महत्त्वाची ठरली. याचा दोष अध्यापकांवर टाकणे अन्यायाचे होईल. ज्या गोष्टीची मोजणी होते तिच्याकडे माणसे वळतात, हा सर्व प्रशासनांचा अनुभव आहे.

३. कार्यनिष्पत्तीचे मोजमाप

दुसरे पद अधिक अवघड आहे. अध्यापकाचे काम चांगले झाले हे कशावरून ओळखावे? ३० जून २०१० च्या विनियमांनी याचे उत्तर गुणांकांत दिले. अध्यापन, सहशैक्षणिक व व्यावसायिक कार्य, आणि संशोधन अशा तीन विभागांत अध्यापकाचे वर्ष वाटले गेले. त्यातून शोधनिबंधांची जी लाट उसळली तिचे वर्णन येथे करण्याचे कारण नाही. १८ जुलै २०१८ च्या विनियमांनी महाविद्यालयीन अध्यापकांपुरती ही पद्धती बाजूस सारून सोपी श्रेणी आणली. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के वा अधिक तास घेतले तर ‘चांगले’, ७० ते ८० टक्के घेतले तर ‘समाधानकारक’, आणि त्याहून कमी असतील तर ‘असमाधानकारक’.

हा बदल उपकारक होता, यात संशय नाही. निबंधांच्या कारखान्यापेक्षा वर्गात उभे राहणे केव्हाही श्रेयस्कर. परंतु तास घेतला आणि तास झाला, या दोन वाक्यांत जे अंतर आहे ते या श्रेणीत मावत नाही. ज्या वर्गात तीस विद्यार्थ्यांची नावे आहेत आणि बाकांवर सात जण आहेत, तेथेही तास भरतो. ज्या वर्गात तीसही उपस्थित आहेत, पण अध्यापकाची भाषा त्यांतील निम्म्यांपर्यंत पोहोचत नाही, तेथेही तास भरतो. मोजमाप खोटे नाही; ते उंबरठ्यावरच थांबलेले आहे.

संस्थांच्या मूल्यांकनाचीही हीच गत आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या नॅकच्या २०१७ पासूनच्या चौकटीत अध्यापक-सक्षमीकरणाचा उपनिकष आहे. परिषदांना जाण्यासाठी किती अध्यापकांस आर्थिक साहाय्य दिले, संस्थेने किती कार्यक्रम भरविले, किती अध्यापकांनी विकासवर्ग पूर्ण केले, हे त्यात विचारले जाते. प्रश्न योग्य आहेत; परंतु त्यांतील एकही ‘त्यानंतर काय झाले’ असे विचारीत नाही.

४. संशोधनातील दोष

आधार आणि कार्यनिष्पत्ती यांचा संबंध शोधणारी अभ्यासपद्धती आपल्या विभागांत बरीच रूढ आहे. तिची बांधणी ठरावीक असते. अध्यापकांना एक प्रश्नावली दिली जाते. तिच्या पूर्वार्धात ‘संस्थेकडून मला व्यावसायिक विकासासाठी पाठिंबा मिळतो’ अशा आशयाची विधाने, उत्तरार्धात ‘मी माझे काम परिणामकारकपणे करतो’ अशा आशयाची विधाने. पाच बिंदूंवर खूण. मग सहसंबंध गुणक. गुणक धन येतो आणि निष्कर्ष हाती लागतो.

या बांधणीत तीन दोष आहेत. पहिला असा की, कारण आणि कार्य या दोहोंविषयीची साक्ष एकाच व्यक्तीने, एकाच वेळी, एकाच साधनावर दिलेली असते. ज्याचा स्वभाव समाधानी आहे तो दोन्ही भागांत वरच्या खुणा करतो. ज्याचे मन उद्विग्न आहे तो दोन्ही भागांत खालच्या. यातून निघणारा सहसंबंध आधार व कार्य यांचा नसून माणसाच्या मनःस्थितीचा स्वतःशीच असतो. एकाच पद्धतीने मोजलेल्या दोन गोष्टींत पद्धतीमुळेच साम्य दिसते, हा इशारा कॅम्बेल व फिस्क यांनी १९५९ सालीच दिला होता. पुढे समपद्धतिजन्य अभिनती या नावाने त्याचा सविस्तर विचार झाला. आपल्या प्रबंधांवर त्याचा परिणाम अजून पुरेसा झालेला नाही.

दुसरा दोष दिशेचा. उत्साही अध्यापक वर्गांना जातात, की वर्गांमुळे अध्यापक उत्साही होतात? एका वेळच्या मोजणीतून याचे उत्तर निघत नाही. तिसरा दोष निवडीचा. प्रश्नावली बहुधा अनुदानित महाविद्यालयांतील नियमित अध्यापकांकडे जाते. तासिका तत्त्वावर काम करणारा अध्यापक त्या दिवशी दुसऱ्या महाविद्यालयात तास घेत असतो, आणि म्हणून नमुन्यातून गळतो. ज्याला आधाराची गरज सर्वाधिक, तोच अभ्यासात नाही.

परदेशातील विवेचन या बाबतीत अधिक सावध झालेले दिसते. कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षणाच्या परिणामाच्या चार पायऱ्या सांगितल्या : सहभागी व्यक्तीची प्रतिक्रिया, तिने शिकलेली गोष्ट, तिच्या वर्तनातील बदल आणि कामावर झालेला परिणाम. आपल्याकडील वर्गांच्या शेवटी भरून घेतलेली अभिप्राय-प्रपत्रे पहिल्या पायरीवरच संपतात. गस्की यांनी १९८६ साली प्रचलित समजाला उलटा क्रम दिला. आधी मत पालटते आणि मग अध्यापन, असे नव्हे. अध्यापक प्रथम काही करून पाहतो, त्यामुळे विद्यार्थी शिकत आहेत असे त्याला दिसते, आणि मगच त्याची श्रद्धा बदलते. जॉइस व शॉवर्स यांनी १९८० च्या सुमारास दाखविले की सिद्धान्त सांगणे, प्रात्यक्षिक दाखविणे आणि सराव करवून घेणे एवढ्याने भागत नाही. प्रत्यक्ष वर्गात सहकाऱ्याची सोबत लाभली तरच नवी रीत मूळ धरते. गिब्ज व कॉफी यांनी २००४ साली आठ देशांतील २२ विद्यापीठांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दीर्घकाळ पसरलेले प्रशिक्षण मिळालेले अध्यापक विद्यार्थिकेंद्री अध्यापनाकडे वळल्याचे दिसले. तसे प्रशिक्षण न मिळालेल्यांत ही सुधारणा दिसली नाही. हा निष्कर्ष आधाराच्या बाजूने आहे. मात्र तो महिनोन्‌महिने चालणाऱ्या आधाराच्या बाजूने आहे. तीन आठवड्यांच्या मुक्कामाच्या बाजूने नव्हे.

५. मोलगीची कसोटी

मोलगी हे अक्कलकुवा तालुक्यातील सातपुड्याच्या रांगेतले गाव. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून तेथे पोहोचावे लागते. दुसरी वाट धडगावकडून येते. भोवतालच्या पाड्यांची ती बाजारपेठ आहे. भगर, आमचूर आणि डोंगरातले इतर पीकपाणी येथे विकावयास येते. होळीच्या दिवसांत जवळच्या काठीची राजवाडी होळी सारा डोंगर खेचून घेते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के म्हणजे राज्यातील सर्वांत कमी होती आणि लोकसंख्येचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग अनुसूचित जमातींचा होता. या परिसरातून अक्कलकुवा, धडगाव, तळोदा येथील महाविद्यालयीन वर्गांत येऊन बसणारा विद्यार्थी बहुधा आपल्या घरातील पहिला पदवीधर होऊ पाहणारा असतो.

या वर्गातील पहिला प्रश्न भाषेचा आहे. जिल्ह्यात भिली समूहातील नोयरी, पावरी, देहवाली, मावची अशा बोली नांदतात. सपाटीवर अहिराणी व गुजरी आहेत. अध्यापक पुष्कळदा सपाटीवरचा किंवा जिल्ह्याबाहेरचा. तो मराठीतून शिकवितो आणि मराठी ही आपण विद्यार्थ्याची भाषा समजतो. विद्यार्थ्याला ती शाळेत भेटलेली भाषा असते. पदवीच्या पहिल्या वर्षाला जे ‘मुले बोलत नाहीत’ म्हणून नोंदले जाते, ते मौन पुष्कळदा अज्ञानाचे नसून भाषांतराचे असते. प्रश्न कानावर पडणे, त्याचा अर्थ मनात लावणे, उत्तर परक्या भाषेत जुळविणे, एवढे होईपर्यंत अध्यापक पुढच्या मुद्द्याकडे गेलेला असतो.

दुसरा प्रश्न काळाचा. पावसाळा सरला की जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात. विद्यापीठाचे सत्र आणि स्थलांतराचे सत्र एकमेकांवर पडते. कुटुंबासोबत गेलेला किंवा मागे राहून घर राखणारा विद्यार्थी हजेरीपटावर अनुपस्थित ठरतो. अध्यापकाचे ८० टक्के तास तेव्हाही पूर्ण होतात.

आता आधाराच्या रूढ कल्पनेस येथे उभे करून पाहावे. मोलगीच्या परिसरात शिकविणाऱ्या अध्यापकास पुणे, मुंबई, नागपूर किंवा औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील जुन्या केंद्रांपैकी एकास जावयाचे तर प्रथम कर्तव्य रजा हवी. त्याच्या जागी शिकविणारा माणूस हवा. लहान महाविद्यालयात एका विषयाला एकच अध्यापक असला तर त्याचे जाणे म्हणजे विषयाचे तीन आठवडे बंद होणे. म्हणजे अध्यापकाला मिळालेल्या आधाराचे मोल त्याच्याच विद्यार्थ्याने चुकते करावयाचे. तासिका तत्त्वावरील अध्यापकाची गोष्ट आणखी सरळ आहे. जितके तास तितके मानधन. वर्गाला गेल्यास मानधन नाही. नियम त्याला दार उघडे ठेवतात, परंतु दारापर्यंतचे भाडे त्याच्याजवळ नसते. दूरस्थ वर्गांनी प्रवासाची अडचण दूर केली, हे खरे. पण डोंगरात ज्या ठिकाणी नेटवर्क टिकत नाही तेथे तिने दुसरी अडचण उभी केली.

त्याबरोबरच नगरांतील वर्गांची बाजूही मांडली पाहिजे. पुण्याच्या जयकर ग्रंथालयात तीन आठवडे बसावयास मिळणे, आपल्या विषयातील चाळीस माणसे एकत्र भेटणे, आपण ज्यावर विचार करतो त्यावर इतरही करीत आहेत असे कळणे, याचे मोल एकाकी अध्यापकास नगरवासीयापेक्षा अधिक असते. एकटेपणा हा डोंगरातील अध्यापकाचा सर्वांत मोठा व्यावसायिक शत्रू होय. म्हणून हे वर्ग नकोत असा निष्कर्ष काढणे म्हणजे एक दोष काढताना दुसरा करणे होईल. उणीव वर्गांत नसून वर्गानंतरच्या पोकळीत आहे. अध्यापक परत येतो, घाट चढतो, आणि त्याने शिकलेल्या गोष्टीचा साक्षीदार कोणीही नसतो.

६. खानदेशातील एक जुने उदाहरण

नगरापासून दूर विद्वत्तेला आधार देता येत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. खानदेशातच त्याचे उदाहरण आहे. अमळनेर येथे १९१६ साली प्रताप शेठ यांच्या औदार्यातून तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. अभ्यासकांना राहण्याची सोय, ग्रंथ आणि निर्वाह, एवढ्या तीन गोष्टी तेथे मिळाल्या. त्या बळावर कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा विचारवंत आणि घनश्यामदास मलकानींसारखा संपादक त्या गावाशी जोडला गेला. ही संस्था अध्यापनाचे शिक्षण देणारी नव्हती, आणि तिच्या चर्चेचे विषय भोवतालच्या जनजीवनातून आलेले नव्हते. या मर्यादा मान्य केल्या पाहिजेत. तरीही वेळ, ग्रंथ आणि सहवास ही आधाराची मूलद्रव्ये रेल्वेच्या एका लहान स्थानकाजवळ एकत्र येऊ शकतात, एवढे तिने दाखवून दिले. १९९० साली जळगावला विद्यापीठ झाले, २०१८ साली त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. पुण्याच्या अधिकारक्षेत्राच्या टोकाशी असलेला हा प्रदेश त्यामुळे स्वतःच्या विद्यापीठाचा झाला. केंद्र जवळ आले. आता आधार जवळ येणे शिल्लक आहे.

७. आधाराची नवी व्याख्या

वरील विवेचनातून आधाराची जी कल्पना निघते तिचे तीन घटक सांगता येतील. पहिला घटक भाषेचा. डोंगरातील महाविद्यालयात नव्याने येणाऱ्या अध्यापकास स्थानिक बोलीचा कामचलाऊ परिचय करून देणे हा उद्बोधनाचा पहिला पाठ असला पाहिजे. याचे अध्यापक परक्या गावाहून आणावयास नकोत. वरच्या वर्गातील विद्यार्थीच ते शिकवू शकतील, आणि आपली बोली महाविद्यालयात शिकविण्याजोगी आहे हे त्यांना प्रथमच कळेल. वाहरू सोनवणे यांनी ‘गोधड’ (१९८७) या संग्रहातून भिली अनुभवाला लिखित कवितेत स्थान दिले, त्यालाही आता बराच काळ लोटला आहे.

दुसरा घटक विषयाचा. अर्थशास्त्राचा अध्यापक मागणी-पुरवठा शिकविताना मोलगीच्या बाजारातील आमचुराचा भाव घेऊ शकतो : झाडाखालचा आंबा, सोलून वाळविण्याचे श्रम, व्यापाऱ्याचे माप आणि शेवटी हाती पडणारा पैसा. विद्यार्थ्याने हे सारे घरी पाहिलेले असते. फक्त त्याला अर्थशास्त्र म्हणतात हे त्याला ठाऊक नसते. इतिहासाच्या अध्यापकास १८१८ नंतरचा खानदेशातील भिल्लांचा प्रतिकार, १८२५ साली औट्रॅम याने उभारलेली भिल्ल पलटण आणि १८५८ मधील अंबापाणीची लढाई हा क्रम हाताशी आहे. अशा पाठांची आखणी करण्यास सवड आणि साहाय्य देणे, हाही व्यावसायिक विकासाचा आधारच होय.

तिसरा घटक सोबतीचा. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा येथील एकाच विषयाच्या अध्यापकांनी सत्रातून काही वेळा एकमेकांच्या वर्गात बसावे, नंतर मोकळेपणी बोलावे. त्यासाठी प्रवासभत्ता मिळावा आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकासही त्या दिवसाचे मानधन मिळावे. कोठारी आयोगाची ती विसरलेली सूचना यापेक्षा फार वेगळी नव्हती.

मोजमापही त्यानुसार पालटावे लागेल. अध्यापकाला ‘आधार मिळाला काय’ असे विचारण्याऐवजी वर्गानंतर सहा महिन्यांनी त्याच्या वर्गात काय वेगळे घडते ते कोणी तरी पाहिले पाहिजे. किती तास झाले यासोबत किती विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारले, पहिल्या वर्षातील किती जण दुसऱ्या वर्षात पोहोचले, आणि ऊसतोडीहून परतलेल्यांसाठी बुडालेल्या भागाची काय व्यवस्था झाली, हे नोंदले पाहिजे. या नोंदींना सहसंबंध गुणकाची शोभा येणार नाही. पण त्यांतून कारण आणि कार्य यांचा जो धागा दिसेल तो अधिक विश्वासार्ह असेल.

८. उपसंहार

सारांश असा की, व्यावसायिक विकासाच्या आधाराने कार्यनिष्पत्ती सुधारते हे विधान असत्य नाही, अपुरे आहे. कोणता आधार, किती काळ, कोणासाठी आणि कोणत्या वर्गात, ही चार पदे त्यात घातल्यावाचून ते शास्त्रीय विधान होत नाही. नगरातील अध्यापकाच्या बाबतीत ती गृहीत धरता येतात म्हणून त्यांची उणीव तेथे जाणवत नाही. घाट चढताच ती उघडी पडते.

आणि ही उणीव केवळ पद्धतीची नाही. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मध्यावर जो विद्यार्थी वर्गात येईनासा होतो, त्याची नोंद अध्यापकाच्या श्रेणीत होत नाही, संस्थेच्या मूल्यांकनात ठळक होत नाही, प्रबंधाच्या कोष्टकात तर मुळीच येत नाही. तो शांतपणे आपल्या पाड्यावर परततो आणि महाविद्यालय आपल्यासाठी नव्हते, असे धाकट्या भावंडांना सांगतो. त्याच्यापर्यंत न पोहोचलेल्या अध्यापकाजवळ सर्व प्रमाणपत्रे असू शकतात. ज्या दिवशी आधाराचा हिशेब त्या रिकाम्या बाकापासून सुरू होईल, त्या दिवशी या विषयावरील संशोधन खऱ्या अर्थाने सुरू झाले असे म्हणता येईल.